बोटीवरच्या फुल्या

दाजी, तुम्ही बोटीवर खडूनं मारलेल्या फुल्या मी ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या. हे तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही कळलं होतं. तरी दोन महिने आपण एकाच गल्लीत राहिलो, रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसलो, ऊस, तुमची पलटण, अक्काचे गुडघे, सगळ्यावर बोललो आणि त्या एका गोष्टीवर बोललो नाही. आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. आता बोलायला मी एकटाच उरलोय, तर निदान मी तरी बोलतो.

कृष्णा आज सकाळी मारुतीच्या देवळाची खालची पायरी चढली. ग्रामपंचायतीचा कर्णा दर तासाला ओरडतोय की धरणातून पाणी वाढवलंय, नदीकाठच्या लोकांनी जनावरं हलवावीत. सांगणाऱ्याला सर्दी झालीय, त्यामुळं प्रत्येक वेळी 'जनावरं' म्हणताना तो शिंकतो. तुम्ही असतात तर हसला असतात. मी माडीवर बसून हे लिहितोय. खिडकीतून खाली पत्र्याचं शेड दिसतं आणि शेडात ती बोट. पाणी अजून गावात नाही, पण त्याचा आवाज आलाय. लांबून ट्रकांची रांग जावी तसा एकसारखा आवाज असतो तो. ज्यानं एकदा ऐकलाय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

बोट घ्यायचं खूळ त्या मोठ्या पुरातून आलं. शाळेच्या गच्चीवर आपली चाळीस माणसं दीड दिवस बसून होती आणि सांगलीची बोट यायला तयार नव्हती, कारण सांगलीच पाण्यात होती. तेव्हा तुम्ही गुऱ्हाळावरची काहील ओढून आणलीत. ज्यात उसाचा रस उकळायचा, त्या लोखंडी कढईत दोन-दोन माणसं बसवलीत, चिंचेपासून वेशीपर्यंत दोर बांधलात आणि दिवसभर छातीएवढ्या पाण्यात उभं राहून ती ओढलीत. मलाही तुम्ही तसंच आणलंत. मी वाटभर डोळे मिटून, काहिलीचा काठ दोन्ही हातांनी धरून, आईला हाका मारत होतो. हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. अक्कालासुद्धा नाही. मी खात्री करून घेतली होती.

गाव तुम्हाला मागनं घरजावई म्हणायचं. सातारचे तुम्ही, पलटणीतून सुभेदार होऊन बाहेर पडलात आणि बायकोच्या माहेरात जमीन घेऊन राहिलात, म्हणजे लोकांना विषय झालाच. तुम्ही ते तोंडावर घ्यायचात. "आवं, घरजावयाला बसून जेवान मिळतं. मला हितं शेण काढाय लागतंय." पण त्या पुरानंतर तुमचा शब्द गावात वर गेला. कशाचंही काही असलं तरी लोक म्हणायचे, सुभेदारांना विचारा. खरं सांगू का दाजी, मला ते टोचायचं. मी या गावचा. कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं बसलेला. कुणाच्या गाडीत किती ऊस, हे मी सांगायचो आणि लोक ऐकायचे. निवृत्त झालो आणि मला कुणी काही विचारेना. बोटीचं काम पंचांनी माझ्यावर टाकलं, तेव्हा मला किती बरं वाटलं, हे मी तुम्हाला बोललो नव्हतो.

बोटीचा पत्ताही मीच काढला. साताऱ्याकडच्या धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारा एक ठेकेदार त्याची जुनी फायबरची बोट विकत होता. तुम्हाला मी बरोबर नेलं ते सल्ल्यासाठी नव्हे. इंजिनिअर पलटणीत नद्यांवर पूल बांधलेला माणूस मान हलवेल आणि पंचांचं तोंड बंद होईल, एवढाच माझा हिशेब होता.

कराडच्या पुढं जीप बदलून आपण पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बोट तांबड्या मातीत जांभळाखाली पडली होती, नुकता निळा रंग दिलेली, चकचकीत. मला ती बघताक्षणी आवडली. तुम्ही मात्र तिच्याजवळ गेलाच नाहीत. वीस पावलांवर उकिडवे बसलात, एक डोळा मिटलात आणि तिच्या पोटाच्या कडेनं नजर लावलीत.

"काय बघताय?" मी विचारलं.

"पाठ. म्हस घेताना बघता न्हवं? तसं. मधी खाली बसली आसंल तर आतल्या पट्ट्या गेल्यात."

मग दोन तास तुम्ही त्या बोटीभोवती फिरलात. नवा रंग कुठं जाड बसलाय ते आधी बघितलंत. "जितं झाकाय लागतंय तितंच रंगाचा दुसरा हात आसतो, पाव्हणं." बोट कलती करून खालचं पोट बघितलंत. पाण्यात बुडणाऱ्या भागावर घामोळं उठावं तसे बारीक फोड होते. त्यातला एक तुम्ही चाकूच्या टोकानं फोडलात. आतून थेंबभर चिकट पाणी आलं. तुम्ही ते बोटाला लावून हुंगलंत आणि माझ्या नाकाशी धरलंत. नासक्या लोणच्यासारखा आंबूस वास होता तो. मी तोंड फिरवलं.

"आत पाणी शिरलं की फायबर आसं आंबतं. वास इसरू नगा."

विसरलो नाही, दाजी. विसरायचा प्रयत्न केला.

मग खिशातून तो जुना जाड रुपया काढलात आणि बोटीच्या अंगावर वीत वीत अंतरावर वाजवत निघालात. टक, टक, टक. आणि मध्येच थप. तुम्ही थांबायचात, मागं यायचात, पुन्हा वाजवायचात. टणक जागी आवाज कोरडा येत होता आणि काही जागी ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखा. ठेकेदार बिडी ओढत हे सगळं बघत होता. "सुभेदार, दहा वर्सं हिच्यावर पोट भरलं माझं," तो म्हणाला. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "मग इकता कशापाई?" त्यानं बिडी विझवली आणि तो पाण्याकडं बघत बसला.

इंजिन जिथं अडकवतात त्या मागच्या फळीपाशी तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवलात. इंजिनाचा दांडा धरून पुढं-मागं हलवलात आणि मला कोपऱ्यात बघायला लावलंत. फळी आणि कडेची भिंत मिळते तिथं केसाएवढी भेग होती. तुम्ही दांडा ओढला की ती उघडायची आणि सोडला की मिटायची. शेवटी तुम्ही आत चढून तळाच्या पाटावर टाचांनी चाललात. पाटाखाली फोम असतो, बोट पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून, आणि तोच एकदा पाणी प्याला की सोडत नाही, हे तुम्ही मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलंत. मला भूक लागली होती. ठरवलेला टेम्पो खोळंबला होता.

"दाजी, बोट घ्यायचीय. पलटणीत भरती करायची न्हाई," मी म्हणालो. तुम्ही हसलात. तेवढ्यावर आपलं भांडण मिटलं असतं, पण वाटेत वजनकाटा लागला.

ठेकेदारानं आठ दिवस बघायला बोट द्यायचं कबूल केलं होतं. टेम्पोत घालून आपण ती घेऊन निघालो आणि कराडच्या अलीकडं काटा दिसल्यावर माझ्यानं राहवेना. वजन केल्याशिवाय वस्तू घेणं माझ्या रक्तात नाही. भरल्या टेम्पोचं वजन घेतलं, बोट उतरवून रिकाम्याचं घेतलं, वजाबाकी केली. जुन्या कागदावर बोटीचं जे वजन लिहिलेलं होतं, त्यापेक्षा ती दीड क्विंटल जास्त भरली. मी ती पावती मॅट्रिकच्या निकालासारखी तुमच्यासमोर धरली. "बघा. कागदापेक्षा भारी. त्यावेळचा माल, सढळ हातानं घातलाय."

तुम्ही पावती घेतलीत, बराच वेळ बघितलीत आणि घडी घालून मला परत दिलीत.

"पाव्हणं, ह्यो माल न्हाई. पाणी हाय."

"उन्हाळा चाललाय. कोरडीठाक पडलीय ती."

"वरनं."

"काट्याचं तुमी मला शिकवू नका," मी म्हणालो. टेम्पोवाला ऐकत होता, म्हणून आवाज जरा जास्तच चढला. त्यावर तुम्ही जे विचारलंत ते मला गेले सोळा दिवस झोपू देत नाही. तुम्ही अगदी सावकाश विचारलंत, "वाटंत वड्यावर पाणी मारून आणलेला ऊस तुमी लांबनं वळकत हुता. मग ही का वळखीना?"

इस्लामपूर येईपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही.

तुमचा प्रश्न बरोबर होता. ओली मोळी मला गाडी काट्यावर चढायच्या आधी दिसायची. चाकांचा दबाव बघून कळायचं. मी शेतकऱ्यांना गाडी बाजूला घ्यायला लावायचो आणि निथळू द्यायचो. पण बोट मी शोधली होती. तिच्यात पाणी असणं मला परवडणारं नव्हतं.

चार दिवसांनी दुपारी तुम्ही एकटेच शेडात गेलात. शाळेतून खडू मागून आणला होतात. मी माडीवरून ऐकत होतो. टक, टक, थप, आणि मग खडूचा आवाज. तुम्ही गेल्यावर मी खाली जाऊन मोजल्या. एकोणीस फुल्या. पोटावर, मागच्या फळीवर, पाटावर. देवीचे व्रण उठलेल्या माणसाकडं बघवत नाही, तसं त्या बोटीकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बोट पसंत करायला येणार होते. तुम्ही छाती दाखवायला सांगलीला विश्रामबागेत डॉक्टरकडं जाणार होतात आणि पंच यायच्या आत परत येतो म्हणाला होतात.

तुम्ही गेलात आणि मी बादलीत फडकं बुडवलं.

का पुसल्या, याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच प्रकारे दिलंय. गावाला बोट हवीच होती, पुन्हा शोधायला वेळ नव्हता, तुमचा कान म्हातारा झाला असेल, खडूच्या फुल्या बघून अडाणी माणसं उगीच घाबरतील. यातलं एकही खरं नाही. पुन्हा एकदा चारचौघांत तुमचं खरं आणि माझं खोटं व्हायला नको होतं. एवढंच होतं.

शेवटची फुली पुसत होतो आणि दारात तुमची सावली पडली. सांगलीहून लवकरची गाडी मिळाली होती तुम्हाला. तुम्ही बोटीकडं बघितलंत, माझ्या हाताकडं बघितलंत. मी वाट बघत होतो की आता तुम्ही ओरडाल. तुम्ही जवळ आलात, माझ्या हातातलं फडकं घेतलंत, पिळलंत आणि तारेवर वाळत घातलंत. मग म्हणालात, "च्या झाला का?"

पंच आले. मी पावती दाखवली. सगळी उसाची माणसं, आयुष्यभर वजनावर जगलेली. भारी भरली म्हटल्यावर त्यांचे चेहरे उजळले. "भारी म्हंजे टिकाऊ," थोरले पंच म्हणाले आणि प्रत्येकानं बोटीला हात लावून मान हलवली. कुणीतरी तुम्हाला विचारलं, "सुभेदार, तुमचं काय म्हननं?"

मी जमिनीकडं बघत होतो.

"घ्या," तुम्ही म्हणालात. "पन ही बोट मी चालवणार. माझ्याबिगर दुसरं कुनी बसायचं न्हाई. एवढं लिवून घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सुभेदारांना हौस आहे. त्या शेडात फक्त दोघांना माहीत होतं की तुम्ही काय लिहून घ्यायला सांगताय.

यावर मी तुमच्याशी अजून भांडणार आहे, दाजी. तुम्ही त्या दिवशी मला उघडं पाडायला हवं होतं. चार लोकांत माझी फजिती झाली असती, मी महिनाभर तुमच्या घरी चहाला आलो नसतो, अक्का दोघांवर चिडली असती, आणि संपलं असतं. तुम्ही माझी लाज राखलीत. मला डोळे मिटलेला काहिलीत बघून जशी राखली होतीत तशीच. त्याबद्दल तुमच्या पाया पडू की तुम्हाला दोष देऊ, हे मला अजून कळत नाही.

नंतर एकदाच कट्ट्यावर तुम्ही विषयाजवळ आलात. "पाव्हणं, जेष्ठ सरायच्या आत पाट उघडू. फोम काढू, फळी बदलू. आपुन दोघंच." मी लगेच हो म्हणालो. मग माझ्याकडं लग्न निघालं, मग उसाची लागण आली, मग मिरजेचा फायबरचं काम करणारा माणूस गावाला गेला. तुम्ही दर आठ दिवसांनी विचारायचात, "कवा?" आणि मी म्हणायचो, या सोमवारी. तेवढ्यात तरुण मंडळाच्या लोकांनी इंजिनाला दृष्ट लागू नये म्हणून मागच्या फळीवर घोड्याची नाल ठोकली, पाच स्क्रू मारून. तुम्ही बघत उभे होतात. "भोक पाडताना इचाराय पायजे हुतं," एवढंच म्हणालात आणि घरी गेलात. त्या दिवशी तुमचा चेहरा राखेसारखा होता. मी तो बोटीमुळं समजलो. छातीचं काही असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आषाढातल्या एका सकाळी अक्कानं हाक मारली. तुम्ही खुर्चीत होतात, चहा पुढ्यात होता, त्यावर साय धरली होती. बाकीचं तुम्हाला सांगून काय उपयोग.

अक्कानं तुमच्या सदऱ्याच्या खिशातला रुपया माझ्या हातात ठेवला. "बोटीसाठी हुता म्हनं ह्यो. तुझ्याकडं आसू दे."

तुमचा विकास आला. विट्याच्या पाव्हण्यांबरोबर दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात गेलेला तुमचा पोरगा आता चांगला बापई माणूस झालाय, अंगानं तुमच्यासारखा, चालतोही तसाच. तेराव्याला पंगत बसल्यावर तो हात जोडून लोकांसमोर उभा राहिला. "बाबांनी बोट चालवायचा शब्द दिलता. ह्या पावसाळ्यात मी हितंच हाय. बाबांच्या जागी मी बसनार." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अक्का माझ्याकडं वळून म्हणाली, "तू बघितलीयास न्हवं बोट? मग मला घोर न्हाई." माझ्या पानात तुमच्या आवडीची आमटी होती. तरी मी गप्प बसलो, दाजी. त्या दिवशीही.

येत्या परवा श्रीफळ वाढवून बोट नदीत सोडायचं ठरलं. काल दुपारी मी तिला पुसायला म्हणून शेडात गेलो. नालेच्या खालच्या स्क्रूपासून एक तपकिरी ओघळ निघून खालपर्यंत आला होता. मला वाटलं गंज असेल. हात लावला तर ओला लागला. पत्रा गळत नव्हता, मी वर बघितलं. अडीच महिने ती बोट कोरड्या शेडात उभी होती, पाण्याचा एक थेंब तिला लागला नव्हता. हात हुंगला. नासक्या लोणच्याचा वास.

मी स्क्रूड्रायव्हर आणून तो स्क्रू काढला. आधी थेंब आला, मग धार. काळसर, कोमट. मी खाली घमेलं ठेवलं आणि समोर पोत्यावर बसलो. घमेलं भरलं, ओतून आलो, पुन्हा ठेवलं. ते पुन्हा भरलं. बाहेर कर्णा ओरडत होता, नदीचा आवाज येत होता, आणि आत ती बोट तिच्या पोटातलं पाणी सावकाश सोडत होती. काट्यावर मी बघितलेला दीड क्विंटल माझ्यासमोर वाहत होता. मला खरोखर भीती वाटली. ती सगळं ऐकून होती आणि आता बोलतेय, असं वाटलं.

मग मी तुमचा रुपया काढला. मला तुमच्यासारखा कान नाही, पण गरज पडली नाही. पुसलेली प्रत्येक जागा मला पाठ होती. वाजवलं आणि फुली मारली, वाजवलं आणि फुली मारली. तुमच्या एकोणीस होत्या. माझ्या तेवीस झाल्या, नव्या चार नालेभोवतीच्या.

विकास मला चहाला बोलवायला आला तेव्हा मी शेवटची फुली मारत होतो.

"मामा, हे काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. फडक्यासकट सांगितलं. त्यानं रुपया घेतला, स्वतः चार जागी वाजवला. घमेल्यात बघितलं. मग तो जे बोलला, त्यासाठी मी तयार नव्हतो.

"बाबांचा जायच्या आदल्या दिवशी फोन आलता. मी इचारलं, जुनी बोट हाय, नीट बघून घेतलीया का. तर म्हनले, तुझ्या मामानं बघितलीया, काट्यावर घालून बघितलीया. फिकीर न्हाई." त्यानं घमेलं पायानं बाजूला सारलं. "मामा, आमच्याकडं सोनं कुनीबी आनू दे, आमी आटवून बघतो. मंगच बोलतो. हितं मातुर मी बघितलं न्हाई. बाबा म्हनले म्हनून."

तो निघून गेला. चहाला मला त्यानं परत बोलावलं नाही.

तर दाजी, तुम्ही पोरापुढंही माझी लाज राखलीत. आणि त्याच लाजेत बसून तुमचा पोरगा परवा पुरात जाणार होता, बायाबापड्यांना घेऊन.

आज सकाळी मी पंचांना बोलावणं धाडलं. सगळे आले, मंडळाची माणसं आली, अक्का आली. मी बोटीपुढं उभा राहिलो आणि सांगितलं. मला वाटलं होतं शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरल्या पंचांनी एकेका फुलीवर हात ठेवला, माझ्याकडं न बघता.

"सुभेदार त्या दिशी का बोललं न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

अक्का एकटक माझ्याकडं बघत होती. मग ती वळली आणि घरी गेली. तिच्याकडं मला जायचंय. पाणी उतरल्यावर जाईन म्हणत होतो, पण मी फार वेळा पुढच्या सोमवारवर ढकललंय, म्हणून हे लिहून झालं की आजच जातो.

आता गावाकडं बोट नाही आणि पाणी देवळाच्या दुसऱ्या पायरीवर आहे. सांगलीला निरोप गेलाय. येतील तेव्हा येतील. मंडळाच्या लोकांनी गुऱ्हाळावरची ती जुनी काहील पुन्हा ओढून आणलीय आणि शेडापुढं पालथी घातलीय. चिंचेला दोर बांधणं चाललंय.

मघाशी लिहिता लिहिता खालून विकासची हाक आली. कालपासून पहिल्यांदाच. मी खाली गेलो. तो काहिलीपाशी उभा होता. त्यानं मुठीतला रुपया माझ्यापुढं धरला. काल त्याच्याच हातात राहिला होता तो.

"मामा, एवढी तपासून द्या."

सगळे बघत होते. मी खाली बसलो आणि काठापासून सुरुवात केली, वीत वीत. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. लोखंड खणखणीत होतं. एक फेरा झाला. मंडळातला एक जण म्हणाला, "झालं की, मामा, उचलू का?" मी मान हलवली आणि बुडाकडं सरकलो. तुम्ही बसायचात तसा एक डोळा मिटून, कान लावून. बुडाच्या जोडापाशी आवाज बसका आला. मी मागं गेलो, पुन्हा वाजवलं. पुन्हा तसाच.

मी खिशातला खडू काढला आणि सगळ्यांच्या देखत तिथं फुली मारली. विकासनं ती वाकून बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवणार होता तो, पण फिरवला नाही. मग तो जोड बुजवायचं डांबर तापवायला गेला.